१० सेंटिमीटरच्या उपग्रहाचं चुंबकत्व बेळगावात बसून कसं मोजायचं

प्रश्न बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थी गटाचा आहे. त्यांनी १यू क्यूबसॅट, म्हणजे १० सेंमी बाजूचा ठोकळा, बांधायला घेतलाय. दिशा सांभाळायला आत एक कायमचं चुंबक आणि हिस्टेरेसिसच्या कांड्या (डोलणं शोषणाऱ्या, मऊ चुंबकी धातूच्या) ठेवणार आहेत. रिव्ह्यूमध्ये त्यांना सांगितलं, ‘उपग्रहाचा स्वतःचा मॅग्नेटिक मोमेंट मोजून आणा,’ म्हणजे अख्खा ठोकळा मिळून किती ताकदीचं आणि कुठल्या दिशेचं चुंबक आहे ते. तयार हेल्महोल्ट्झ केज, म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र रद्द करणारी कॉइलची चौकट, घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा विचारणं असं की बंगळूरला नेल्याशिवाय हे होईल का, आणि नेमकं काय काय मोजायचं?

होईल. उलट मी म्हणेन की पहिलं मोजमाप इथंच करा, कारण हे काम एकदा करून भागत नाही. स्क्रू बदलले, बॅटरी बदलली, अँटेनाची पट्टी बदलली की परत मोजावं लागतं, आणि दर वेळी ठोकळा गाडीत घालून ५०० किलोमीटर न्यायचा हे काही खरं नाही. या कामात महागडं यंत्र दुय्यम आहे. पृथ्वीचं क्षेत्र तुमच्या सिग्नलच्या शेकडो पट मोठं असतं आणि ते एका जागी थांबत नाही. त्या मोठ्या हलत्या आकड्यातून तुमचा छोटा आकडा वजा करून काढायचा आहे. ती वजाबाकी नीट बांधली तर साध्या सेन्सरवर काम होतं, आणि ती बांधली नाही तर लाखाचा फ्लक्सगेट (अतिसंवेदनशील चुंबकीय सेन्सर) ही खोटं सांगतो.

आधी हा आकडा किती भारी पडतो ते बघा. मोमेंटचं एकक अँपिअर-चौरस मीटर. त्याचा हजारावा भाग म्हणजे १ मिलिअँपिअर-चौरस मीटर, याला पुढे नुसतं ‘मिलि’ म्हणतो. काळजी न घेता जोडलेल्या १यू ठोकळ्यात १० मिलि सहज सापडतात. ५०० किमी उंचीवर पृथ्वीचं क्षेत्र साधारण ३० मायक्रोटेस्ला धरा (टेस्ला हे क्षेत्राचं एकक). दोन्हींचा गुणाकार येतो ०.३ मायक्रोन्यूटन-मीटर. एवढासा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पण १.३३ किलोच्या ठोकळ्याचं जडत्वही जेमतेम ०.००२२ किलोग्रॅम-चौरस मीटर असतं. हा टॉर्क सलग लागला तर १०० सेकंदांत उपग्रह ४० अंशांच्या आसपास फिरलेला असतो. त्याच उंचीवर विरळ हवेचा टॉर्क याच्या साधारण शंभरावा आणि गुरुत्वाच्या फरकाचा हजारावा भरतो. म्हणजे लहान उपग्रहाला वाकडं वळवणारा सर्वात मोठा हात त्याच्या स्वतःच्या पोटातल्या लोखंडाचा असतो.

पण हा हिशेब टॉर्क कॉइल, म्हणजे प्रवाह सोडून हवं तेव्हा चुंबक होणारी वेटोळी, लावून दिशा धरणाऱ्या उपग्रहाचा. तुमचा उपग्रह निष्क्रिय पद्धतीचा आहे, म्हणजे त्यातलं चुंबक होकायंत्राच्या सुईसारखं पृथ्वीच्या रेषा धरून राहणार आणि कांड्या त्याचं डोलणं शोषून घेणार. पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा ‘स्वयम्’ याच पद्धतीचा होता. एक किलोच्या आतला तो ठोकळा २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. नेदरलँड्सच्या डेल्फ्टचा डेल्फी-सी३ हाही या जातीचा, तोही आपल्याच पीएसएलव्ही-सी९ वरून २००८ साली गेला. अशा उपग्रहात चुंबक साधारण ३०० मिलिचं असतं. त्याला काटकोनात १० मिलि उरलेला मोमेंट असला तर एकूण अक्ष दोनेक अंशांनी कलतो, बस्स. ते चालतं. तुम्हाला खरा त्रास वेगळीकडून आहे: चुंबकाच्या शेजारची बॅटरी आणि स्टीलचे भाग त्याच चुंबकाने चुंबकतात आणि एकूण मोमेंटची दिशा बदलते. शिवाय चुंबक जरा तिरकं बसलं तर कांड्या निकामी होतात. म्हणून तुमच्यासाठी तीन मोजमापं ठरतात: चुंबक न घालता ठोकळ्याचा उरलेला मोमेंट, चुंबक घातल्यावर एकूण मोमेंटचं माप आणि दिशा, आणि कांड्यांचा हिस्टेरेसिस लूप (क्षेत्र पुढे-मागे नेलं की कांडीच्या चुंबकत्वाचा आलेख जो वेढा काढतो तो). पहिल्या दोन्हींची रीत एकच आहे.

मोजायच्या आधी चुंबकत्व येतं कुठून ते हुडकून काढा, कारण अर्धं काम तिथंच संपतं. संशयित ठरलेले आहेत. १८६५० जातीच्या लिथियम सेलचा डबा निकेल चढवलेल्या स्टीलचा असतो, सेल जोडणारी पट्टी निकेलची. क्रिस्टलचे डबे, कनेक्टरवरचं निकेल प्लेटिंग, रिले, कोव्हार या मिश्रधातूचे पाय. विद्यार्थी गट हमखास मेजर टेपची पट्टी कापून अँटेना करतात. ती स्प्रिंग स्टील असते, चांगली लवचीक म्हणून घेतात, पण तितकीच चांगली चुंबकते आणि चुंबकत्व सोडत नाही. बेरिलियम कॉपर किंवा पितळेची स्प्रिंग पट्टी घ्या. थोडी महाग पडेल, पण हा एक बदल बाकी सगळ्या खटाटोपाहून जास्त फायदा देतो.

आणि स्क्रू. ‘एसएस ३०४ आहे, चुंबकाला चिकटत नाही’ असं दुकानदार सांगतो, आणि पत्र्याच्या बाबतीत ते खरंही आहे. पण स्क्रूचं डोकं थंड अवस्थेत ठोकून आणि आटे दाबून काढलेले असतात. त्या दाबाने ३०४ च्या आतली रचना काही अंशी बदलते आणि तो भाग चुंबकतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर टेबलावर सेन्सर ठेवा, ५ सेंमीवर पेन्सिलने खूण करा, आणि पाकिटातले एम३ स्क्रू एकेक करून लाकडी चिमट्याने त्या खुणेवर आणा, टोक सेन्सरकडे करून. मग तिथल्या तिथे उलटा करा, डोकं सेन्सरकडे. चांगला स्क्रू आकडा हलवतच नाही. वाईट स्क्रू उलटा केला की आकडा ३२० नॅनोटेस्लांनी (नॅनो म्हणजे मायक्रोचा हजारावा भाग) उडी मारतो. त्याचा निम्मा १६०, म्हणजे त्या एका स्क्रूत ०.१ मिलि आहे. एकाच पाकिटातून दोन्ही जातींचे निघतात. ठोकळ्याला असे ४० स्क्रू एकाच दिशेने लागले तर झाले ४ मिलि. एसएस ३१६ बरेच बरे, टायटॅनियम उत्तम, आणि जिथे ताकद लागत नाही तिथे पितळ.

उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, भाग करून घेणार असाल तर आणखी एक गोष्ट विचारा. स्टीलचा कुठलाही भाग सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर धरला गेलाय का? चकवरून उतरलेला जॉब चुंबकलेला असतो हे तिथल्या प्रत्येक कारागिराला माहीत आहे, म्हणून बऱ्याच शॉपमध्ये शेजारी डीमॅग्नेटायझर ठेवलेला असतो. त्यांना सांगा, ते आनंदाने फिरवून देतील. वापरायची पद्धत मात्र महत्त्वाची: भाग यंत्रावर असताना यंत्र बंद करायचं नाही. चालू यंत्रावरून भाग हळूहळू मीटरभर लांब न्यायचा आणि मग बंद करायचं. मध्येच बंद केलं तर ज्या क्षणी वीज तुटली त्या क्षणाचं चुंबकत्व भागात बसतं. हे सगळं जोडणीच्या आधी. इलेक्ट्रॉनिक्स बसवलेला ठोकळा त्या यंत्रावर धरायचा नाही. आणि चुंबकी टोकाचे स्क्रूड्रायव्हर जोडणीच्या खोलीतून बाहेर काढा. भाग साफ करून परत चुंबकवण्याचं काम तेच करतात.

आता जागा. हा भाग मी लांबवून सांगणार आहे, कारण चुकीच्या जागी केलेलं मोजमाप नंतर कुठल्याच गणिताने सुधारत नाही.

बेळगावला पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लांच्या थोडं वर आहे आणि आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्याने त्यातला बहुतेक भाग आडवा, सुमारे ३९ ते ४०. नॅनोटेस्लांत म्हणायचं तर ४०,००० वर. तुमच्या १० मिलिच्या ठोकळ्याचं क्षेत्र २५ सेंमीवर येतं १२८ नॅनोटेस्ला. तर ४०,००० मधले १२८ वाचायचेत, आणि ते ४०,००० दिवसभरात सूर्यामुळे आपोआप काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होतात, दुपारच्या सुमाराला सर्वात जास्त. चुंबकीय वादळ आलं तर विचारूच नका. १०-११ मे २०२४ च्या वादळात क्षेत्र ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास खाली आलं होतं. अशा रात्री मोजायला बसू नका.

मग माणसांनी केलेला गोंधळ. मुंबईची कुलाबा वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली ती याच कारणाने: मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी ट्राम यायच्या आधी जागा बदलली, तर आपण निदान कॉलेजच्या लॅबमधून बाहेर पडायला हवं. लॅबच्या स्लॅबमध्ये सळया आहेत, खाली लिफ्ट आहे, शेजारी वर्कशॉप. चारचाकी १० मीटरवरून गेली तरी आकडा हलतो. रेल्वे रूळ, ११ केव्हीची लाइन, बोअरचा लोखंडी केसिंग पाइप, पत्र्याची शेड हे सगळं लांब हवं. चिकोडी-अथणी-हुक्केरीकडे जागा बघत असाल तर गळीत हंगामात ऊसाचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात हे लक्षात ठेवा. शेतातल्या मोटारी थ्री-फेज आली की सुरू होतात, आणि ती पाळी रात्रीचीही असू शकते. त्या गावची पाळी आधी विचारून घ्या.

आपल्या भागात एक जादा अडचण आहे ती जमिनीची. बेळगाव दख्खनच्या काळ्या दगडाच्या दक्षिण कडेला बसलेलं आहे. या बेसाल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइटचे कण आहेत आणि लाव्हा थंड होताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, त्यांनी त्या वेळचं पृथ्वीचं क्षेत्र पकडून ठेवलं. त्या काळी पृथ्वीचे ध्रुव उलटे होते, त्यामुळे दख्खनच्या लाव्ह्याच्या बऱ्याच थरांचं चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलट आहे. विलक्षण गोष्ट आहे ही, पण तुमच्या टेबलाखाली नको. काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर सेन्सर हातभर सरकवला तरी आकडा शेकड्यांनी बदलू शकतो. राजहंसगडासारख्या उंच उघड्या माथ्यावर तर विजा पडून दगड आणखी तीव्र चुंबकलेला असू शकतो. भाजलेल्या विटेतही थोडं चुंबकत्व असतं, भट्टीत तापून थंड होताना आलेलं. जांभ्याच्या चिऱ्यावरही तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका, लोहाच्या संयुगांनीच तो तांबडा झालेला असतो.

म्हणून माझा सल्ला: खानापूर-जांबोटीकडे जा. लोकवस्तीपासून बाजूला, मातीचा जाड थर असलेलं मोकळं शेत किंवा जुन्या मातीच्या भिंतींच्या घराची पडवी बघा. लाकडी टेबल न्या, खिळे लोखंडी नाहीत ना ते सेन्सर फिरवूनच तपासा. टेबल जमिनीपासून निदान मीटरभर उंच असावं. जागा पारखायची चाचणी सोपी आहे: सेन्सर टेबलावर तीन दिशांना ३० सेंमी सरकवा. आकडा १०० नॅनोटेस्लांपेक्षा कमी बदलला तर जागा चांगली. मग सेन्सर स्थिर ठेवून अर्धा तास नोंद घ्या. तो शांत, संथ सरकत असेल तर तिथंच मुक्काम करा. वेळ रात्री ११ ते पहाटे ४. बांधावर मोटरसायकल लावलेली असेल तर ती दूर न्यायला सांगा. चाव्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल, चष्म्याची स्टीलची काडी, सगळं आधी उतरवून ठेवायचं.

सेन्सर म्हणून आरएम३१०० हा छोटा, स्वस्त मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) पुरतो. एका वाचनात त्याचा गोंगाट १५ नॅनोटेस्लांच्या आसपास असतो. १०० वाचनांची सरासरी घेतली की दोनेक नॅनोटेस्लांवर येतो. मोबाइलमधला सेन्सर स्क्रू निवडायलाही कच्चा पडतो. दोन आरएम३१०० घ्या: एक मोजायला, दुसरा तीन-चार मीटर लांब, नुसता पृथ्वीवर नजर ठेवायला. दोन्ही एकाच घड्याळाने नोंदवायचे. पृथ्वीचं क्षेत्र सरकलं, लांबच्या रस्त्यावरून ट्रक गेला, तर दोघांनाही जवळपास सारखंच दिसतं आणि वजा होतं. उपग्रह मात्र पहिल्यालाच दिसतो.

आता प्रत्यक्ष रीत. सेन्सर टेबलाला पक्का करा, तो पुन्हा हलवायचा नाही. त्याच्यापासून २५ सेंमीवर उपग्रहाचा मध्यबिंदू येईल असा लाकडी खाचा करा, ज्यात ठोकळा दर वेळी त्याच जागी बसेल. उपग्रहाचा अधिक-एक्स चेहरा सेन्सरकडे, मिनिटभर नोंद. ठोकळा उभ्या अक्षाभोवती १८० अंश फिरवून वजा-एक्स सेन्सरकडे, मिनिटभर नोंद. परत अधिक-एक्स, मिनिटभर. पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीची सरासरी घेऊन त्यातून दुसरी वजा करायची. क्षेत्र संथ एका दिशेने सरकत असेल तर या तिहेरी क्रमाने ते सरकणंही कटतं. आलेल्या फरकाचा निम्मा हा तुमचा आकडा. २५ सेंमीवर, अक्षाच्या दिशेत, दर १ मिलिला १२.८ नॅनोटेस्ला हे प्रमाण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तसंच वाय आणि झेडसाठी. झेडसाठी ठोकळा आडवा करावा लागेल, त्यासाठी खाचा आधीच दोन्ही बाजूंनी बसेल असा करा.

उलटं फिरवणं एवढं मोलाचं का, हे नीट समजून घ्या. एक, पृथ्वीचं क्षेत्र, जमिनीचा दगड आणि सेन्सरचा स्वतःचा ऑफसेट (शून्यावर नसण्याची चूक), हे तिन्ही दोन्ही वाचनांत तेच राहतात आणि जातात. दोन, तुमचं चुंबकत्व ठोकळ्याच्या बरोबर मध्यात नसतं. समजा ते २ सेंमी पुढे आहे. मग एका बाजूनेच मोजलं तर मोमेंट २८ टक्के जास्त दिसतो. फिरवून सरासरी घेतली की तीच चूक ४ टक्क्यांवर येते. तीन, आणि हे मला सर्वात सुंदर वाटतं: मऊ लोखंडात पृथ्वीमुळे तेवढ्यापुरतं येणारं चुंबकत्व ठोकळा फिरवला तरी फिरत नाही, ते पृथ्वीच्याच दिशेने राहतं. म्हणून दोन वाचनांच्या फरकात निव्वळ कायमचा मोमेंट उरतो. आणि दोन वाचनांच्या सरासरीतून रिकाम्या टेबलाचं वाचन वजा केलं तर पृथ्वीने चढवलेला, उसना मोमेंट हाती येतो. एकाच नोंदीतून दोन्ही मिळतात. अहवालात दोन्ही वेगळे लिहा, कारण कक्षेत पहिला उपग्रहाबरोबर फिरतो आणि दुसरा क्षेत्राबरोबर बदलतो.

अंतराचाही पडताळा घ्या. तीच नोंद २० आणि ३० सेंमीवर करा. दोन्हींचं गुणोत्तर ३.४ च्या आसपास यायला हवं, कारण क्षेत्र अंतराच्या घनाने उतरतं. बरंच वेगळं आलं तर तुम्ही एखाद्या एका भागाच्या फार जवळ मोजताय.

हे सगळं करण्याआधी तुमच्या मांडणीला परीक्षा द्या. ५ सेंमी बाजूच्या चौकोनी लाकडी साच्यावर एनॅमल वायरचे ४० वेढे घाला आणि १०० मिलिअँपिअर सोडा. हा झाला बरोबर १० मिलिचा मोमेंट, भूमितीतून आलेला. उपग्रहाच्या जागी तो ठेवा. कॉइलला स्वतःचा आकार असल्याने १२८ ऐवजी १२५-१२६ दिसायला हवेत. प्रवाह उलटा केला की तेवढेच उलटे. कॉइलच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या, नाहीतर वायरीच मोमेंट तयार करतात. हे जुळल्याशिवाय उपग्रह टेबलावर आणायचाच नाही. रिव्ह्यू करणारे तुमच्या आकड्याआधी ही नोंद मागतील, आणि मागायलाच हवी.

उपग्रह बंद असताना मोजून झाला की चालू करून मोजा. आतल्या बॅटरीवरच, बाहेरून वायर न जोडता. प्रवाहाचं वेटोळं म्हणजेही चुंबक: सौर पॅनेलच्या मागून अर्धा अँपिअर ८० चौरस सेंमीचा वेढा घालून गेला तर ४ मिलि होतात, आणि तेही फक्त ऊन असताना. पॅनेल जोडताना परतीची तार त्याच वाटेने, पुढच्या तारेला चिकटून मागे आणली की हे जवळजवळ शून्यावर येतं. ट्रान्समिटर चालू, चार्जिंग चालू, सगळं शांत, या प्रत्येक स्थितीचा आकडा वेगळा नोंदवा. पॅनेलसाठी रात्री प्रखर दिवा लावायचा असेल तर दिव्याचा प्रवाह आणि त्याचं लोखंडी स्टँड हेही वाचनात शिरतं, म्हणून दिवा चालू ठेवूनच रिकाम्या टेबलाचं वाचन घ्या.

आता तुमचं चुंबक. एन३५ जातीची, १० मिमी व्यासाची आणि ४ मिमी जाडीची निओडिमियम चकती म्हणजे जवळपास ३०० मिलि. एकट्या चुंबकासाठी जुन्या पीयूसी (अकरावी-बारावी) लॅबमधला डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटर, म्हणजे अंशांच्या तबकडीवरची चुंबकसुई, ही चालतो. चुंबक पूर्व-पश्चिम अक्षावर, सुईपासून २० सेंमीवर ठेवलं की सुई सुमारे ११ अंश वळायला हवी. कपाटात धूळ खात पडला असेल तर काढा, त्यातून ध्रुवांची दिशाही पक्की कळते. चुंबकाचा उत्तर ध्रुव उपग्रहाच्या कुठल्या चेहऱ्याकडे आहे हे जोडणीनंतर परत तपासायचं. उलटं बसलं तर उत्तर गोलार्धात अँटेना आकाशाकडे तोंड करून राहील. निओडिमियमची ताकद दर अंश सेल्सिअसला ०.११-०.१२ टक्क्यांनी उतरते, म्हणजे ५० अंशांच्या चढउतारात सहाएक टक्के. अल्निको यात फार स्थिर आहे, पण त्याच मोमेंटला जागा जास्त खातो आणि जोराच्या उलट क्षेत्रात ढिला पडतो. १यू मध्ये मी निओडिमियमच घेईन.

ठोकळ्यात चुंबक बसल्यावर २५ सेंमीवर ३,८०० च्या पुढे नॅनोटेस्ला येतील. तिथे मोजणं सोपं, पण दिशा बिनचूक हवी म्हणून खाचाचा काटकोन तपासा. एक अंशाची ढिलाई म्हणजे ५ मिलिचा खोटा आडवा मोमेंट.

कांड्यांवर बहुतेक गट घसरतात. परमॅलॉय (निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) जातीच्या या कांड्यांची पारगम्यता, म्हणजे बाहेरचं क्षेत्र आत किती पट वाढतं तो आकडा, तक्त्यात लाखाच्या घरात दिलेली असते आणि लोक तीच सिम्युलेशनमध्ये घालतात. ती बंद कड्याच्या नमुन्यावर मोजलेली असते. १ मिमी जाड आणि ९५ मिमी लांब उघडी कांडी स्वतःच्या टोकांमुळे आतलं क्षेत्र कमी करते आणि तिची दिसणारी पारगम्यता दोन हजारांच्या आसपासच अडकते. डोलणं शोषण्याची ताकदही त्यामुळे कितीतरी खाली येते. तक्त्यावर विसंबून ‘दोन दिवसांत स्थिर होईल’ म्हणणारा उपग्रह प्रत्यक्षात आठवडेच्या आठवडे डोलू शकतो.

म्हणून लूप मोजा. लांब सोलेनॉइडमध्ये (नळीवर गुंडाळलेल्या कॉइलमध्ये) कांडी, तिच्या मध्यावर हजारेक वेढ्यांची बारीक पिकअप कॉइल, आणि तिच्याशी उलटी जोडलेली तशीच रिकामी कॉइल, म्हणजे हवेतला फ्लक्स कटतो. सोलेनॉइडचं क्षेत्र अधिक-वजा २५ अँपिअर प्रतिमीटर ठेवा, कारण कक्षेतले ३० मायक्रोटेस्ला म्हणजे तेवढेच. त्याहून मोठ्या क्षेत्रात लूप दिसायला छान रुंद येतो, पण तो तुमच्या उपग्रहाचा लूप नाही. सिग्नल मिलिव्होल्टभरच असतो, अँप्लिफायर आणि इंटिग्रेटर लागेल. सोलेनॉइड पूर्व-पश्चिम आडवं ठेवा म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र कांडीच्या लांबीत येणार नाही. लूपचं क्षेत्रफळ गुणिले कांडीचं घनफळ, ही एका फेरीत खाल्ली जाणारी ऊर्जा. हाच आकडा सिम्युलेशनला द्या.

कांडी वाकवू नका, छिद्र पाडू नका, आपटू नका. या धातूचे गुण हायड्रोजनच्या वातावरणात ११०० अंशांच्या पुढे तापवून आणलेले असतात, आणि एका वाकवण्याने ते जातात. उद्यमबागेतली नेहमीची हीट ट्रीटमेंट ते परत आणू शकत नाही. लांबीला कापूनच मागवा.

बसवताना कांड्या चुंबकाच्या अक्षाला काटकोनात आणि त्याच्या मध्याच्या पातळीत हव्यात. हिशेब करून बघा: ३०० मिलिच्या चुंबकापासून ४ सेंमीवरच्या कांडीला चुंबक ५ अंश जरी तिरकं बसलं तरी तिच्या लांबीत ४१ मायक्रोटेस्लांचं क्षेत्र कायमचं बसतं. कक्षेतल्या ३० मायक्रोटेस्लांपेक्षा हे जास्त. मग कांडी एका बाजूला कलून अडकते आणि लूप आक्रसतो. चुंबकाचा होल्डर थ्री-डी प्रिंटवर सोडू नका, मिलिंग करून घ्या. काटकोनाच्या बाबतीत आपल्याकडचे कारागीर कुणालाही हार जाणार नाहीत, त्यांना फक्त ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहून द्या.

केजचं शेवटी सांगतो, कारण उरलेला मोमेंट मोजायला तो लागतच नाही. मॅग्नेटोमीटर कॅलिब्रेट करायला आणि पुढच्या उपग्रहात टॉर्क कॉइलचं लॉजिक तपासायला लागेल. १.२ मीटर बाजूच्या चौकोनी कॉइलची जोडी, दोघींत ६५ सेंमी अंतर, प्रत्येकीला ३० वेढे: १ अँपिअरला मध्यभागी सुमारे ४० मायक्रोटेस्ला, म्हणजे बेळगावचं पूर्ण क्षेत्र रद्द होतं. १८ गेजची वायर घेतली तर जोडीला ३ किलो तांबं आणि चारेक ओहम. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वायर मिळते आणि वेढे घालून देणारा हातही. चौकटी ॲल्युमिनियमच्या, बोल्ट पितळेचे. पॉवर सप्लाय स्थिर प्रवाहाचा घ्या, कारण तांबं तापलं की रोध वाढतो आणि स्थिर व्होल्टेजवर क्षेत्र हळूहळू घसरतं.

आकडे हाती आल्यावर: चुंबक न घालता ५ मिलिच्या आत असाल तर पुढे चला. २० च्या वर असाल तर उलट दिशेचं छोटं चुंबक लावून शून्य करायचा मोह होईल. तो शेवटचा उपाय ठेवा, त्याने लांबचं क्षेत्र शून्य होतं पण जवळच्या मॅग्नेटोमीटरला दोन चुंबकं दिसायला लागतात. त्याऐवजी ठोकळा उघडा, भाग एकेक काढून मोजत जा, बॅटरीपासून सुरुवात करा. दोन सेल शेजारी असतील तर एक उलटा ठेवून बघा, बरेचदा एवढ्यानेच निम्मं काम होतं. शेवटची नोंद उपग्रह लॉन्चसाठी पॅक करायच्या आदल्या रात्रीची असू द्या, आणि त्या नोंदीनंतर एकही स्क्रू फिरला तर पुन्हा खानापूरची वाट धरा.